‘अंगठा उमटला नाही ताई, परत ठेवा’

मी उमेदची, म्हणजे बायकांच्या बचत गटांच्या सरकारी अभियानाची सीआरपी आहे, समुदाय संसाधन व्यक्ती. गाव सीनाकाठचं, तालुका मोहोळ. गटात नवी बाई आली की तिचा पहिला धडा ठरलेला असतो: ठरावावर अंगठा नाही, सही. कुणी पाटीवर शिकल्या, कुणी वहीच्या मागच्या पानावर, एक जण तर चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवून शिकली. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं अंगठ्याचंच आहे आणि ते माझ्या ओट्यावर, माझ्या डोळ्यांदेखत झालं. माझे 9,500 रुपये गेले. ते एक वेळ जाऊ देत. पण मी नऊ जणींना हाताला धरून त्या माणसापुढं बसवलं, ते काही केल्या मनातून जात नाही.

18 सप्टेंबर 2025 ला लाडक्या बहिणीची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, सक्तीची झाली. मुदत दोन महिन्यांची. आणि त्याच आठवड्यात सीनेला पूर आला. आमच्या खालच्या आळीत कमरेएवढं पाणी. पासबुकं, रेशनकार्डं, मृत्यूचे दाखले, सगळं गाळात. आम्ही कागद दोरीवर कपड्यांसारखे वाळत घातले होते. अशात गावभर एकच विषय, केवायसी झाली का? जूनमध्ये 26 लाखांवर बायकांचे हप्ते पडताळणीसाठी थांबवले होते, ती धास्ती प्रत्येकीच्या मनात होतीच. 1,500 रुपये म्हणजे आमच्याकडं महिन्याचा किराणा.

केवायसीत आपला आधार नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा. इथपर्यंत ठीक. (ओटीपी येतच नव्हता तो भाग वेगळा, रात्री दोनला उठून प्रयत्न केलेत मी.) त्यापुढं नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी. माझा नवरा मे 2021 मध्ये कोरोनात गेला. वडील त्याच्याही आधी. आता मेलेल्या माणसाचा ओटीपी कुठून आणायचा? आमच्या गावात अशा दहा जणी निघाल्या, नवरा नाही आणि बापही नाही. तालुक्याला दोनदा जाऊन विचारलं. उत्तर एकच, ‘वरून अजून सूचना नाही, थांबा.’

फसवणूक शिरली ती या फटीतून. कुणी अनोळखी माणसानं परक्या आवाजात फोन केला असता तर मी ठेवून दिला असता, तेवढी हुशारी होती. पण हा माणूस आमच्या माहितीतला. तालुक्याच्या गावात त्याचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान, बाहेर सरकारी वाटावा असा बोर्ड. मागं एकदा एका बाईच्या उत्पन्नाच्या दाखल्याचं काम त्यानं जादा पैसे न घेता केलेलं मी पाहिलं होतं. बोलायला मऊ, बायकांना उन्हात उभं न करणारा. तो म्हणाला, ‘ताई, विधवांची केवायसी वेगळी असती. ओटीपीच्या जागी बायोमेट्रिक. मशीन घेऊन मीच येतो, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना कशाला हेलपाटा?’ माणशी 300 रुपये. मला म्हणाला, तुमचे नकोत. मी तरी दिले. सरकारी केवायसी फुकट आहे हे मला माहीत होतं, पण पेट्रोल घालून येतोय, तर द्यावेत असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर कुणीतरी ‘थांबा’ न म्हणता ‘येतो’ म्हणालं, यानंच मी अर्धी विरघळले होते.

12 ऑक्टोबर, रविवार. दिवाळी आठवड्यावर. माझ्या ओट्यावर सतरंजी टाकली, चहा केला. त्यानं लॅपटॉप काढला, एक मोबाईल काढला, आणि काडेपेटीपेक्षा थोडं मोठं काळं मशीन, काचेखाली लाल उजेड पडणारं. पहिल्यांदा शेजारच्या मावशींना बसवलं. मावशींचं आयुष्य खुरपण्यात गेलेलं, अंगठ्याच्या रेषा पुसल्यासारख्या. ‘उमटंना, मावशी. केसावरनं फिरवा जरा.’ मावशींनी अंगठा भांगातल्या तेलावरून फिरवला, परत ठेवला. ‘अजून एकदा.’ परत. ‘झालं. आता दुसऱ्या हाताचा.’ असे पाच वेळा. आम्ही हसत होतो. मावशी म्हणाल्या, ‘एवढ्यांदा तर सावकारानं बी घेतला न्हवता गं.’ त्यावर तोही हसला.

प्रत्येकीचा फोन तो स्वतःकडं मागून घ्यायचा. ‘कोड येईल, तुम्हाला दिसायचा न्हाय, आणा इकडं.’ कोड बघायचा, टाकायचा, फोन परत द्यायचा. मधल्या मिनिटभरात मेसेज पुसलेही जायचे, हे आम्हाला कळायला दीड महिना लागला. आधार कार्डाची आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स घेतली. पावती? मी विचारलं होतं. ‘शासनाकडनं थेट मेसेज येतो, ताई.’

आता त्या अंगठ्यांचं काय झालं ते सांगते, कारण हे न कळल्यामुळंच आम्ही बसलो. आधारवरून पैसे काढायची जी सोय आहे, एईपीएस म्हणतात, गावोगावचे बँक मित्र वापरतात ती, तिला तीनच गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा. पिन नाही, ओटीपी नाही. एका व्यवहारात 10,000 पर्यंत निघतात. ‘उमटला नाही’ म्हणून ठेवलेला अंगठा प्रत्यक्षात उमटलेला असतो. पहिल्या अंगठ्यात तो शिल्लक बघतो. दुसऱ्यात पैसे काढतो. आणि तिसरा-चौथा आणखी वाईट. त्यावर त्यानं आमच्या नावानं एका पेमेंट बँकेत नवीन खाती उघडली आणि ती आधारला जोडली. सरकारी अनुदान खाते नंबर बघून येत नाही, आधारला जे खातं जोडलेलं असेल तिथं जातं, आणि जोडलेलं खातं एका वेळी एकच असतं. नवीन जोडलं की जुनं आपोआप सुटतं. म्हणजे माझं बँकेतलं खातं जागेवर, पासबुक कपाटात, आणि हप्ता चालला तिसरीकडंच, जिथलं मला नावसुद्धा माहीत नाही. आणि लाडक्या बहिणीच्या केवायसीला बोटाचा ठसा लागतच नाही. विधवांनाही नाही. मी 2024 च्या जुलैत स्वतः शेकड्यानं अर्ज भरलेत, ऑनलाइन काम मला नवीन नव्हतं. तरी विश्वास ठेवला.

दिवाळीनंतरचा हप्ता दहापैकी सात जणींना आला नाही. आम्हाला वाटलं, केवायसी अडकली. त्याला फोन केला. ‘सर्व्हरला लोड आहे, आठ दिवस थांबा.’ असे चार फोन, चार वेळा आठ दिवस. यात आम्ही काय घालवलं ते नंतर कळलं. रिझर्व्ह बँकेचा 6 जुलै 2017 चा नियम तेव्हा लागू होता: खात्यातून तुमच्या परवानगीशिवाय तिऱ्हाइतानं पैसे काढले, यात तुमची चूक नाही आणि बँकेकडून कळल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली, तर तुमचं नुकसान शून्य. 4 ते 7 कामकाजाच्या दिवसांत केली तर साध्या झिरो बॅलन्स खात्यावर जास्तीत जास्त 5,000 रुपयांची झळ तुम्हाला. त्यापुढं ते त्या बँकेच्या धोरणावर. म्हणजे ज्यानं लुबाडलं त्यालाच फोन करत बसण्यात दिवस घालवणं हे त्याच्याच फायद्याचं.

24 नोव्हेंबरला सोमवारी पोराची फी काढायला बँकेत गेले. पासबुक छापायच्या मशीनमध्ये घातलं, कर्र कर्र आवाज झाला, पान बाहेर आलं. 12 ऑक्टोबर, एईपीएस, 9,500. शिल्लक 1,140. मी ते पान दोनदा उलटून पाहिलं, जणू मागच्या बाजूला पैसे असतील. साहेब म्हणाले, ‘मॅडम, अंगठा तुमचाच आहे, सिस्टीममध्ये यशस्वी व्यवहार दिसतोय.’ माझ्या तोंडाला कोरड पडली. तेव्हा बोलता आलं नाही, आता लिहिते: व्यवहार ग्राहकानंच केला हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच नियमात बँकेवर टाकलेली आहे. ‘अंगठा तुमचाच’ एवढं म्हणून त्यांना हात झटकता येत नाहीत.

बँकेच्या पायरीवर बसूनच 1930 ला फोन लावला. तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर. खाते क्रमांक, तारीख, रक्कम विचारतात, तक्रारीचा क्रमांक देतात. तो क्रमांक घेऊन बँकेत परत गेले आणि लेखी अर्ज दिला, पोच घेतली. नेट सेंटरवरच्या एका पोरीनं माय-आधार या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलाय ते, उघडून दाखवलं. माझ्या नावापुढं अशी बँक, जिच्या दारात मी कधी पाऊल टाकलं नाही. हे बघायला आधार नंबर आणि आपल्याच मोबाईलवरचा ओटीपी, एवढंच लागतं. दोन मिनिटांचं काम. ज्यांचा हप्ता अचानक थांबलाय त्यांनी योजना बंद झाली असं धरून बसण्याआधी हे बघावं, मग ते श्रावणबाळचे पैसे असोत, संजय गांधीचे असोत की आमचे.

पोलिसांत तक्रार घेतली, भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 लागतं. त्यासाठी तिसऱ्या फेरीला जावं लागलं. दुकानाला तोवर कुलूप होतं. बोर्डवरचा केंद्र क्रमांक भलत्याच माणसाच्या नावावर निघाला.

त्या सोमवारी संध्याकाळी नऊ घरं फिरले. ते लिहायला नको वाटतं, पण थोडं लिहिते. चौघींच्या खात्यातून पैसे गेले होते, माझे धरून 25,500. बाकीच्यांच्या खात्यात काढण्यासारखं काही नव्हतंच, गरिबीनं तेवढं वाचवलं. एकीचे पुरे 10,000 गेले, घरात पाणी शिरलं म्हणून मिळालेली मदत होती ती. तिनं भांडी घासता घासता ऐकलं आणि विचारलं, ‘तू व्हतीस की तिथं.’ बास, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चीड कशाची येते सांगू? नोव्हेंबरच्या मध्यात, पहिली मुदत संपायच्या तोंडावर, शासनानं जाहीर केलं की ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत त्यांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडं द्यावी. मुदतही 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. अंगणवाडी आमच्या ओट्यापासून वीस पावलांवर. पैसे नाहीत, मशीन नाही. ही ओळ 18 सप्टेंबरच्या निर्णयातच लिहिली असती तर त्या माणसाला आमच्या गावात विकायला काही उरलंच नसतं. योजना आखणाऱ्यांना बाई म्हटलं की शेजारी नवरा नाहीतर बाप दिसतो. राज्यात कोरोनानं किती विधवा केल्या ते सरकारनंच मोजलंय, तरीही.

आता आम्ही काय केलं ते. सातही जणींनी बँकेत जाऊन आधार परत जुन्या खात्याला जोडून घेतला. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, आधारच्या सरकारी ॲपमधून किंवा वेबसाइटवरून. लॉक असलं की ठसा कुणाच्याही मशीनवर चालत नाही. पण यातली अडचण कुणी सांगत नाही: रेशन दुकानातही मग अंगठा चालत नाही. दर महिन्याला धान्याच्या आधी ते उघडायचं आणि नंतर परत लावायचं. साधा बटणाचा फोन असलेल्या मावशींना हे जमणार नाही. म्हणून त्यांच्यापुरतं बँकेला लेखी दिलं की या खात्यावरची आधारनं पैसे काढायची सोय बंद करा. बँका ते करतात, फक्त मागावं लागतं. आणि बँक मित्राकडं पैसे काढताना अंगठा एकदा ठेवायचा. ‘उमटला नाही’ म्हणाला तर तसं लिहिलेली स्लिप आधी हातात घ्यायची, मग दुसऱ्यांदा. फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही, कोड आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यायचा.

बँकेनं अजून काही कळवलेलं नाही. तक्रारीला 30 दिवस झाले आणि उत्तर नाही आलं, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, फुकट, वकील लागत नाही. 14448 वर मराठीतही माहिती देतात. माझे 30 दिवस 24 डिसेंबरला भरतात. चौघींचे अर्ज मी लिहून ठेवलेत, रकमा, तारखा, 1930 चा तक्रार क्रमांक, बँकेच्या पोचेची झेरॉक्स. उद्या सह्या घ्यायला जाते. त्यातल्या मावशींना पुरानंतर पेन धरता येत नाही, हाताला जखम आहे. त्यांच्यासाठी दुकानातून शाईचा पॅड आणलाय.