लिंक्डइनवरील प्रोफाइल की स्वतःची वेबसाइट? किनारपट्टीवरच्या स्वतंत्र सल्लागारासाठी एक तुलना

मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊन नोकरीच्या मागे न लागता कोळंबी संवर्धनात स्वतंत्र सल्लागार म्हणून उभे राहू पाहणारे तरुण अलीकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात भेटतात, आणि इंटरनेटवर आपली ओळख मांडायची तर लिंक्डइनवर प्रोफाइल करावे की स्वतःच्या नावाची वेबसाइट उभारावी, असे त्यांच्यापैकी बरेच जण विचारतात. मी दोन्ही केले आहे आणि दोन्ही काही काळ शेजारीशेजारी चालवले आहे. खाते कसे उघडावे किंवा डोमेन कुठून घ्यावे हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे त्यात शिरत नाही. ज्याला नोकरीच हवी आहे त्याच्यासाठीही हा आढावा नाही. त्याने लिंक्डइनवर असावे, तिथे तुलनेला फारशी जागा नाही.

आमच्या व्यवसायाची एक अडचण आधी सांगावी लागेल, कारण पुढचे बरेचसे तिच्यावरच अवलंबून आहे. पैसे देणारा तळेमालक जयगड, दाभोळ किंवा विजयदुर्गच्या खाडीकाठी असतो, पण धंद्यातले उरलेले जग मात्र इथे नाही. 2009 मध्ये व्हेनामी कोळंबीला देशात परवानगी मिळाल्यापासून बीज प्रामुख्याने आंध्र आणि तमिळनाडूच्या हॅचऱ्यांतून येते, तटीय जलकृषी प्राधिकरण आणि निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था चेन्नईला आहेत आणि निर्यात विकास प्राधिकरण कोचीला. त्यामुळे सल्लागाराला दोन वेगळ्या लोकांसमोर उभे राहावे लागते: खाडीकाठच्या मालकासमोर, जो त्याच्यावर तळे सोपवणार आहे, आणि आंध्रातल्या नेल्लोर-भीमावरमच्या जाणकारांसमोर, ज्यांच्या मदतीवाचून ते तळे सांभाळणे कठीण आहे.

वेबसाइटचे गुण मी कमी लेखणार नाही. तिच्यावर मराठीत, ऐसपैस आणि आपल्या पद्धतीने लिहिता येते. एका तळ्याच्या पूर्ण हंगामाची नोंद, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सामू, पहाटेचा विरघळलेला प्राणवायू, पावसाने उतरत गेलेली क्षारता, दर आठवड्याचे सरासरी वजन, असा तक्ता मी माझ्या पानावर ठेवला होता; लिंक्डइनच्या चौकटीत तो त्या ऐटीत बसत नाही. लॉगिनची अट नसल्यामुळे व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की समोरचा लगेच वाचू लागतो. ज्याला हौस आहे त्याला 2014 पासून देवनागरीत ‘.भारत’ हे डोमेनही घेता येते, मात्र तसा ईमेल पत्ता आजही सगळीकडे चालतोच असे नाही. फुकटच्या तयार पानांवर मात्र मी भिस्त ठेवणार नाही. गूगलने व्यवसायांना दिलेली मोफत वेबसाइटची सोय मार्च 2024 मध्ये बंद झाली आणि त्या पत्त्यांची छापलेली व्हिजिटिंग कार्डे वाया गेली.

मग तराजू लिंक्डइनकडे कशाने झुकला? खर्चाने नाही, देखभालीनेही नाही. वेबसाइटवर ‘ग्राहकांचे अभिप्राय’ असा एक भाग असतो, आणि माझ्याकडेही तो होता. सगळे अभिप्राय खरे होते; मालकांनी फोनवर किंवा तळ्याच्या बांधावर उभे राहून सांगितलेले शब्द त्यांच्या परवानगीने नाव-गावासह घातले होते. गुहागरकडच्या एका वयस्क तळेमालकांनी पान शांतपणे शेवटपर्यंत वाचले, चष्मा काढून पुसला आणि विचारले, “सर, हे त्यांनी लिहिलंय की तुम्ही?” त्यात टोमणा नव्हता. मी म्हटले, “काका, शब्द त्यांचेच आहेत.” ते म्हणाले, “असतील हो, पण पान तुमचं आहे ना.” त्यानंतर त्यांनी अभिप्राय देणाऱ्यांपैकी एकाचा नंबर मागितला, त्याच्याशी बोलले आणि मगच काम दिले. थोड्याफार फरकाने हेच पुढेही घडत राहिले. प्रत्येक नवा माणूस अभिप्राय वाचे, मान डोलवी आणि नंबर मागे. जुन्या ग्राहकांना माझ्यासाठी पुन्हापुन्हा साक्षीला बोलावणे मला अवघड वाटू लागले, आणि त्यांनाही ते आवडत असेल असे वाटत नाही. स्वतःच्या पानावर स्वतःविषयी छापलेली स्तुती कितीही खरी असली तरी तिला साक्षीचे वजन येत नाही, आणि वेबसाइट कितीही सुंदर केली तरी ही उणीव भरून निघत नाही.

लिंक्डइनवरची शिफारस इथे वेगळी ठरते. ती देणारा माणूस तुमच्याशी थेट जोडलेला असावा लागतो, तो तुमच्याशी असलेले नाते स्वतः नोंदवतो आणि मजकूर त्याच्या खात्यातून येतो. ती दाखवायची की लपवायची हे तुमच्या हाती असते, दुरुस्तीची विनंतीही करता येते, परंतु त्यातला शब्द तुम्हाला परस्पर बदलता येत नाही. वाचणारा नावावर बोट ठेवून थेट त्या माणसाच्या प्रोफाइलवर जातो आणि हा कोण, कुठे काम करतो, हे स्वतः पाहतो. एका हॅचरीच्या तंत्रज्ञाने आणि खाद्य कंपनीच्या एका क्षेत्र अधिकाऱ्याने माझ्याविषयी चार-चार ओळी लिहिल्या, त्यानंतर नंबर मागणारे फोन माझ्या अनुभवापुरते तरी बरेच कमी झाले. याच साइटवरील कौशल्यांना मिळणारी बोटभर संमती मात्र मी जमेस धरत नाही; ज्याने माझे तळे कधी पाहिलेले नाही तोही ‘जलगुणवत्ता’ या शब्दावर एक टिचकी मारून मोकळा होतो.

ओळखी वाढवण्याच्या बाबतीत वेबसाइट जवळजवळ मुकी आहे. पान कोणीतरी पाहिले एवढे कळते. कोणी आणि का पाहिले हे कळत नाही, आणि त्याच्याशी बोलायला दारही नसते. कोकणात तसा ओळखींचा तुटवडा नाही: गणपतीला आलेला चाकरमानी, मुंबईतले गावमंडळ, मच्छीमार सोसायटी, सगळे एकमेकांना ओळखतात. पण सगळे एकमेकांना ओळखत असल्यामुळेच सगळ्यांना ठाऊक असलेली माहितीही साधारण तीच असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच मांडले होते की नवी माहिती आणि संधी बहुधा जवळच्या माणसांकडून नव्हे, तर लांबच्या, सैल ओळखींतून येतात. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी लोकांवर हे तपासले गेले, तेव्हा अगदी घट्ट नव्हे आणि अगदी नावापुरत्याही नव्हे, अशा मधल्या ओळखी नोकरी बदलताना सर्वांत उपयोगी ठरल्याचे दिसले. आमचा विषय नोकरीचा नाही, तरी तत्त्व तेच असावे. एका तळ्यातली कोळंबी खाऊनही वाढेना आणि आकार विषम होऊ लागला, तेव्हा इथल्या सर्व परिचितांनी खाद्याला दोष दिला. लिंक्डइनवर एका सामाईक ओळखीतून गाठलेल्या भीमावरमच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाने फोटो मागवले आणि ईएचपी या कोळंबीची वाढ खुंटवणाऱ्या सूक्ष्म परजीवीसाठी पीसीआर चाचणी करायला सांगितले. त्या परजीवीचे नाव आमच्या बांधावर तोवर कोणी घेतले नव्हते.

अर्थात हे आपोआप होत नाही. मथळ्याच्या ओळीत 220 अक्षरे मिळतात आणि बहुतेक जण तिथे ‘ॲक्वाकल्चर कन्सल्टंट’ एवढेच लिहून थांबतात, ज्यातून ना गाव कळते ना काम. ‘निमखाऱ्या पाण्यातील व्हेनामी संवर्धन, जागेच्या निवडीपासून काढणीपर्यंत, रत्नागिरी व सिंधुदुर्ग’ असे लिहिल्यास शोधणाऱ्याला नेमके सापडते. मोफत खात्यावर ओळख जोडण्याच्या महिन्याला मोजक्याच विनंत्यांना चिठ्ठी जोडता येते, म्हणून ती ज्याच्याकडे खरोखर काही विचारायचे आहे त्याच्यासाठी राखावी, आणि चिठ्ठीत ‘आपल्या नेटवर्कमध्ये सामील होऊ इच्छितो’ न लिहिता ‘जूनमध्ये आमच्या खाडीची क्षारता झपाट्याने उतरते, तुमच्याकडे बीज किती कमी क्षारतेपर्यंत जुळवून देतात?’ असा प्रश्न लिहावा. प्रश्नाला उत्तर येते; इच्छेला बहुधा येत नाही. मी हे काम पावसाळ्यात करतो, कारण तेव्हा तळी थंडावलेली असतात.

लिंक्डइनचे दोषही लहान नाहीत. खाते नसलेल्याला प्रोफाइल पूर्ण दिसत नाही, आणि खाडीकाठच्या मालकाचे तिथे खाते असण्याचे काही कारण नाही. यावर उपाय आहे: प्रोफाइल पीडीएफ म्हणून उतरवून घेता येते आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर पाठवता येते, पण शिफारशीमागचा माणूस त्या कागदावरून पडताळता येत नाही, तेवढ्यासाठी मी माझ्या फोनवर पान उघडून समोर धरतो. तिथल्या रोजच्या प्रवाहात यशोगाथांचा आणि अभिनंदनांचा इतका पूर असतो की शांत माणसाला तो नकोसा व्हावा; मी तो क्वचितच वाचतो आणि त्याने माझे काही अडलेले नाही. काही विकायला आलेल्यांच्या विनंत्याही येत राहतात, त्या दुर्लक्षित कराव्यात.

ज्यांचे काम डोळ्यांनी पारखले जाते, उदाहरणार्थ जांभ्या दगडाची घरे बांधणारे वास्तुरचनाकार किंवा निवास-न्याहारी चालवणारे, त्यांनी कदाचित वेबसाइटलाच प्राधान्य द्यावे. तिथे फोटो साक्ष देतो आणि शिफारशीची गरज कमी पडते. पण ज्याचे काम पाण्याखाली असते आणि ज्याच्यावर विश्वास ठेवायचा तो दुसऱ्याच्या शब्दावरच ठेवावा लागतो, त्याने आधी लिंक्डइनवरचे पान नीट बांधावे, ज्यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम केले आहे अशा दोन-तीन माणसांकडे शिफारस मागावी, आणि वेबसाइटचा विचार त्यानंतर सवडीने करावा, असे मला वाटते. माझे डोमेन मी सोडलेले नाही. हंगामाच्या नोंदींचा तो तक्ता अजून तिथेच आहे, लिंक्डइनवरून त्याला दुवा दिलेला आहे, आणि ‘ग्राहकांचे अभिप्राय’ हा भाग मात्र मी काढून टाकला आहे.