ओरिएंट बॅम्बिनो ऑटोमॅटिक: विदर्भातल्या तिन्ही ऋतूंत वापरल्यावर

जपानच्या ओरिएंट कंपनीचं बॅम्बिनो हे ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप किल्ली भरणारं मनगटी घड्याळ, ४०.५ मिमीचं. क्रीम तबकडी, रोमन आकडे, तीनच्या जागी तारीख, आत एफ६७२४ मशीन. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात कापूस वेचणीच्या दिवसांपासून लग्नसराई आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते रोजच्या वापरात राहिलं. मत आधीच सांगतो. मशीनची काळजी करू नका. इकडच्या हवेत आधी हार मानतो तो पट्टा, मग काच, आणि पाण्याचा धोका तर कायमच. घड्याळ निवडताना आणि सांभाळताना याच क्रमानं विचार करावा.

त्याचं देखणेपण काच आणि तबकडीच्या फुगीर घडणीत आहे. काच मधून वर आलेली, तबकडी कडेला किंचित उतरती. तिरप्या उजेडात पाहिलं की कडेचे आकडे काचेखाली वाकलेले दिसतात. सेकंद काटा सेलच्या घड्याळासारखा दर सेकंदाला उडी घेत नाही. मशीन तासाला २१,६०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला सहा, त्यामुळे काटा सरकत गेल्यासारखा वाटतो. पांढरा शर्ट असो की लग्नातला कुर्ता, दोन्हींवर शोभतं. जाडी मात्र १२ मिमीच्या आसपास आहे, घट्ट कफाच्या बाहीत ते अडतं. काट्यांवर रेडियम नाही. रात्री वीज गेली की वेळ दिसायची नाही, हे धरूनच चालावं.

आपल्याकडे जपानी मशीन नवं नाही. एचएमटीनं बंगळुरूला १९६१ मध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली ती जपानच्या सिटीझनच्या सहकार्यानं. त्यांचं घरोघरी असलेलं ‘जनता’ हे मॉडेल किल्लीवर चालायचं, ‘कांचन’ हे मॉडेल ऑटोमॅटिक होतं. म्हणूनच ज्या जुन्या घड्याळजीनं आयुष्यभर एचएमटी उघडली, त्याला या मशीनची मांडणी परकी वाटत नाही. याचा फायदा पुढे दुरुस्तीच्या वेळी होतो.

आता चालवण्याबद्दल. घड्याळाची किल्ली पूर्ण भरलेली असेल तर काढून ठेवल्यावर साधारण ४० तास चालतं. शनिवारी रात्री ८ ला काढलं तर सोमवारी दुपारी बारापर्यंत. पण दिवसभर टेबलावर बसून काम करणाऱ्याच्या हाताला हालचाल कमी. त्याच्या मनगटावर घड्याळ पूर्ण भरतच नाही आणि रविवारीच थांबतं. मग लोक म्हणतात, मशीन खराब आहे. तसं नसतं. सकाळी चावी (घड्याळाच्या कडेचं फिरवायचं बटण) न ओढता पुढच्या बाजूला वीस-पंचवीस वेळा सावकाश फिरवायची, पुरतं. जास्त फिरवल्यानं स्प्रिंग तुटेल ही भीती ऑटोमॅटिकला लागू नाही, कारण पूर्ण भरल्यावर मेनस्प्रिंगचं, म्हणजे किल्ली साठवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचं टोक डबीच्या आतल्या भिंतीवर घसरतं. बॅम्बिनोच्या आधीच्या आवृत्त्यांत ४८७४३ मशीन यायचं. त्याला हातानं किल्ली देता येत नव्हती आणि चावी ओढल्यावर सेकंद काटाही थांबत नव्हता. जुना माल स्वस्तात मिळाला तरी हे आधी तपासा.

तारीख बदलताना मात्र घाई नको. रात्री ९ ते पहाटे ४ या वेळेत तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात. त्या वेळात चावी एक टप्पा ओढून तारीख फिरवली तर प्लॅस्टिकचा किंवा धातूचा बारीक दात मोडतो, आणि पुढे तारीख मधेच अडकते. सुरक्षित पद्धत अशी: चावी पूर्ण ओढून काटे साडेसहावर आणायचे, मग एक टप्पा आत ढकलून आदल्या दिवसाची तारीख लावायची, पुन्हा पूर्ण ओढून काटे पुढे फिरवत तारीख बदलेपर्यंत न्यायचे. तारीख बदलली म्हणजे रात्रीचे बारा झाले, तिथून पुढे खरी वेळ. दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांचा घोळ असा राहत नाही.

वेळेची अचूकता कंपनी दिवसाला अधिक २५ ते उणे १५ सेकंद सांगते. दिवसाला १० सेकंद पुढे गेलं तर महिन्याला ५ मिनिटं होतात. सेलच्या घड्याळाची सवय असलेल्याला हे खटकेल. रविवारी फोनच्या वेळेशी जुळवून घेतलं की काम भागतं. रात्री ठेवण्याची बाजू बदलूनही फरक पडतो. तबकडी वर करून एक आठवडा, चावी खाली करून एक आठवडा, असं ठेवून रोजचा फरक लिहून काढा. ज्या बाजूनं दिवसाची चूक भरून निघते तीच कायमची ठरवा.

घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं तर आधी चुंबकाचा संशय घ्यायचा. ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगच्या वेढ्यांना चुंबकत्व लागलं की वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि ठोके भराभर पडतात. लग्नातल्या डीजेच्या पेट्यांना टेकून उभं राहणं, चुंबकाच्या झाकणाची पर्स, मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक, ही नेहमीची कारणं. फोनमधलं होकायंत्र उघडून घड्याळ त्याच्या वर हळूहळू फिरवा. सुई जोरात हलली तर घड्याळ चुंबकलं आहे. चुंबकत्व काढायचं यंत्र घड्याळजीकडे असतं, काम काही सेकंदांचं. त्याआधी वेग कमी करायला पाठ उघडू देऊ नका.

सगळ्यात जास्त लिहिण्यासारखा विषय पट्ट्याचा. सोबत येणारा चामडी पट्टा एप्रिल-मेमध्ये टिकणारा नाही. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, घाम पट्ट्याच्या आतल्या अस्तरात मुरतो, वाळतो, पुन्हा मुरतो. मीठ साचलं की अस्तर आधी कडक होतं, मग भोकांपाशी भेगा पडतात, आणि वास येतो तो वेगळाच. उपाय दोन. एक, होळीनंतर चामडं कपाटात आणि नायलॉनचा पट्टा मनगटावर. नायलॉन साबणाच्या पाण्यात धुता येतो, सावलीत लवकर वाळतो. दुसरा, चामडंच हवं असेल तर दोन पट्टे आलटून पालटून, आणि रोज संध्याकाळी आतली बाजू ओल्या फडक्यानं पुसून सावलीत टांगणं. उन्हात वाळवलेलं चामडं तडकतं.

अडचण अशी की या ४०.५ मिमीच्या बॅम्बिनोला २१ मिमीचा पट्टा लागतो. तालुक्याच्या दुकानात २० आणि २२ सर्रास मिळतात, २१ मिळत नाही. २० चा लावला तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिमी फट राहते, तिथून पट्टा धरणारी स्प्रिंगची कांडी दिसते. मऊ कापडी २२ दाबून बसतो, जाड चामड्याचा २२ बसवू नये. त्याची कड चुरगळते आणि कांडीवर ताण येतो. म्हणून मनगट १६-१७ सेंटिमीटरचं असेल तर सरळ नवं ३८.४ मिमीचं बॅम्बिनो घ्या. त्याला २० मिमीचा पट्टा बसतो, शिवाय जुन्या एचएमटीच्या मापांची सवय असलेल्या डोळ्यांना ते जास्त बरंही दिसतं.

काच मिनरलची, म्हणजे प्लॅस्टिकची नव्हे तर खऱ्या काचेची आहे. एचएमटीच्या प्लॅस्टिकच्या काचेवरचे ओरखडे टूथपेस्ट घासून जायचे, इथे तो उपाय चालत नाही. मिनरलवरचा ओरखडा कायमचा. काच कडेपेक्षा वर आलेली असल्यानं दाराची चौकट, एसटीचा लोखंडी दांडा, मोटारसायकलचं हँडल यांना पहिला मार तिचाच. इथली धूळ वाळूमिश्रित असते, तेव्हा कोरड्या रुमालानं काच घासणं म्हणजे ओरखड्यांना बोलावणं. आधी फुंकर, मग किंचित ओलं मऊ कापड.

पाण्याबद्दल स्पष्ट लिहितो. घड्याळाच्या पाणीरोधकतेचा ३० मीटर हा आकडा पोहण्याचा नाही, हात धुतानाच्या शिंतोड्यांपुरता आहे. चावी स्क्रूनं बंद होत नाही. पाऊस आला की घड्याळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, खिशात. वावरात, फवारणीला, रोटाव्हेटरवर, जिनिंगमध्ये हे घालू नये. तिथे स्वस्त सेलचं घड्याळच योग्य. काचेखाली आतून वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात ठेवून किंवा उन्हात ठेवून वाट पाहू नका. पाठ उघडल्याशिवाय ओल निघत नाही आणि गंज लागायला वेळ लागत नाही. त्याच दिवशी घड्याळजी गाठा.

पर्यायांपैकी सीको प्रेसाजचं कॉकटेल टाइम तबकडीच्या कामात बॅम्बिनोच्या बरंच पुढे आहे. किरणांसारख्या रेषा, त्यावर चकाकी. ५० मीटरपर्यंतची पाणीरोधकता आणि २० मिमीचा पट्टा, या दोन्ही गोष्टी इकडे कामाच्या. पण त्यासाठी साधारण दुप्पट पैसे मोजावे लागतात, आणि आतल्या ४आर३५ मशीनची कागदावरची अचूकता दिवसाला अधिक ४५ ते उणे ३५ सेकंद, म्हणजे बॅम्बिनोपेक्षा ढिली. सिटीझनचं ८२०० मालिकेचं मशीन दणकट, फक्त त्याचा रोटर, म्हणजे हाताच्या हालचालीनं आत फिरणारं वजन, एकाच दिशेनं किल्ली भरतो. उलट दिशेला तो मोकळा भिरभिरतो आणि ते मनगटाला जाणवतं.

गावाकडच्या माणसानं सर्वांत जास्त वजन द्यावं ते दुरुस्तीला. सीकोच्या ४आर३५ चं जुळं मशीन एनएच३५ या नावानं सुटं विकलं जातं. खराब झालं तर घड्याळजी पूर्ण मशीनच बदलून देतो. ओरिएंटचं एफ६७२४ असं सहज सुटं मिळत नाही, त्यामुळे ते उघडून, धुऊन, तेल देऊन चालवावं लागतं. चार-पाच वर्षांनी हे काम करून घ्यायचं, आणि ज्याला एचएमटी जमते अशाच हाताकडून. वेग कमी-जास्त करायला सांगताना एक गोष्ट बजावून सांगा: बॅलन्सवर, म्हणजे मागेपुढे झोके घेणाऱ्या चाकावर, दोन बारीक दांडे असतात. एक वेगाचा, दुसरा हेअरस्प्रिंगचं टोक धरणारा. दुसरा हलला तर ठोक्यांचा समतोल बिघडतो, टिक आणि टक यांच्यातलं अंतर सारखं राहत नाही, आणि मग कितीही वेग जुळवला तरी घड्याळ मधेच थांबायला लागतं.