कासचा फोटो, नो कॉस्ट ईएमआय आणि माझे ६१,९६० रुपये

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, आमच्या घरात सगळ्यांचं हसून झालंय. माझं वय ४६, साताऱ्यात एका पतसंस्थेत कर्ज विभागात १९ वर्षं आहे, रोज दहा जणांना सांगते की सही करायच्या आधी वाचा हो, आणि मीच न वाचता सही करून बसले. सही पण नाही, ओटीपी सांगितला.

लेक पुण्याला शिकायला गेली आणि संध्याकाळचं घर खायला उठायला लागलं. दिरांचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता, म्हटलं शिकू. यूट्यूबवर चार महिने घातले, पण एक म्हणतो मॅन्युअल मोडशिवाय हात लावू नका, दुसरा म्हणतो ॲपर्चर प्रायॉरिटी बास आहे, आणि माझा फोटो हलला का, काळा आला का, हे विचारायला समोर माणूस नाही. पुण्यात एफटीआयआयचे, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटचे, शॉर्ट कोर्स असतात तेही बघितलं होतं, पण सुट्टी कोण देणार, आणि शनिवार-रविवार एसटीने जाऊन येऊन करायचं तर सासूबाईंचं कोण बघणार. त्यामुळे साताऱ्यातच पोवई नाक्यावर एका फोटोग्राफी क्लासचा फ्लेक्स दिसला, 'वयाची अट नाही, फक्त शनिवार-रविवार, शासनमान्य डिप्लोमा, १०० टक्के प्लेसमेंट', तेव्हा मला वाटलं हा माझ्यासाठीच लावलाय. प्लेसमेंट घेऊन मी काय करणार होते देव जाणे.

आता त्या क्लासच्या भिंतीचं सांगते, कारण रात्री झोप उडते ती त्या भिंतीमुळे.

ऑफिसात शिरलं की समोर मोठी फ्रेम, खाली पाटी, 'आमच्या विद्यार्थ्याने टिपलेले कास पठार'. जांभळ्या फुलांच्या रांगा, सरळ, शेतात सरी पाडल्यासारख्या, पार क्षितिजापर्यंत. मी त्यापुढे उभी राहून "काय सुंदर आलाय" म्हणाले. अहो, मी साताऱ्याची! लहानपणापासून वडिलांच्या एम-एटीवर मागे बसून कासला गेलेली बाई मी. कासला रांगा असतात का कधी? तिथं कातळ असतो, पाण्याची डबकी असतात, आणि सीतेची आसवे बघायची तर गुडघ्यावर बसावं लागतं एवढंसं फूल ते. तेरडा फुलला की लांबून गुलाबी दिसतं, पण ते रान असतं, कुणी ओळीनं लावलेलं नसतं. मी त्या फ्रेमचा मोबाईलवर फोटो पण काढला. दोन महिन्यांनी लेकीला दाखवला तर ती एका सेकंदात म्हणाली, "आई, हे लॅव्हेंडर आहे." गूगल लेन्सला टाकलं तर तोच फोटो परदेशातल्या टूरच्या जाहिरातीत. प्रवेश घ्यायच्या आधी भिंतीवरचा एक तरी फोटो असा शोधून बघा, एक मिनिट लागतं.

शेजारी दोन सर्टिफिकेट होती. एक आयएसओ ९००१ चं. दुसरं उद्यमचं, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी. उद्यम! जी नोंदणी ऑनलाइन फुकट होते, स्वतःच माहिती भरायची असते, आणि जिचे कागद रोज माझ्या टेबलावर कर्जाच्या फायलीत येतात. पिठाच्या गिरणीलाही मिळतं ते. त्यालाच ते लोक 'शासनमान्य' म्हणत होते आणि मी मान डोलावली. माझ्या बाजूने एवढंच सांगते की ऑफिसात मी कर्ज मागणाऱ्याच्या कागदाकडे संशयानेच बघते, तिथं मी शिकायला गेले होते, शिकवणाऱ्यावर कोण संशय घेतं?

पैशाचा हिशोब. रजिस्ट्रेशन २,१०० रोख, पावती "नंतर देतो". फी ५४,०००, "नो कॉस्ट ईएमआय मॅम, महिना फक्त ४,५००, बारा हप्ते", म्हणजे बिनव्याजी. त्या काउन्सेलर मुलीने तिच्याच टॅबवर माझं आधार, पॅन, सेल्फी घेतलं, ओटीपी विचारला, मी सांगितला. तो ईएमआय क्लासचा नव्हताच, एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं. ५४,००० त्याच आठवड्यात थेट क्लासला गेले आणि मी बसले फेडत. प्रोसेसिंग १,७७० माझ्याच खात्यातून. फायनान्सचं 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या अटींचा कागद, मेलवर आलं होतं, त्यात सगळं लिहिलेलं होतं, कूलिंग ऑफचे दिवस पण. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मी ते दिवस लेन्सची नावं पाठ करण्यात घालवले.

जूनमध्ये क्लास सुरू झाला, ४८ तासिका ठरलेल्या, झाल्या ११. शिकवणारा पोरगा २२-२३ वर्षांचा, खरं सांगायचं तर चांगला होता. एका रविवारी त्याने आम्हाला एसटी स्टँडच्या बाहेर उभं केलं, कॅमेऱ्याचं शटर १/३० सेकंदावर ठेवायला लावलं आणि म्हणाला गाडी येईल तसा कॅमेरा गाडीबरोबर फिरवत न्यायचा, थांबायचं नाही. वीस-बावीस फोटो वाया गेले, मग एकात लाल गाडी स्वच्छ आणि मागची दुकानं सगळी ओढल्यासारखी पुसट. तो फोटो अजून माझ्या मोबाईलच्या स्क्रीनवर आहे. त्या पोराचाही २ महिन्यांचा पगार बुडाला.

ऑगस्टमध्ये 'आउटडोअर शूट' म्हणून ३,५०० घेतले, यूपीआयने. कुठे, तर कासला. साताऱ्याच्या बाईकडून, २५ किलोमीटरवर न्यायला! मी भरले, कारण मॅक्रो लेन्स, बारीक फूल जवळून टिपायची, वापरायला मिळणार होती. पुढच्या शनिवारी गेलो तर शटरला कुलूप, सगळे नंबर बंद.

मग सुरू झाली दुसरी शाळा. पोलिसांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा गणपती, साहेब बंदोबस्तात. दुसऱ्यांदा अर्ज नीट नाही, परत लिहून आणा. तिसऱ्यांदा क्लासच्या कंपनीचा पत्ता पुण्याचा दिसतोय, हद्द आमची नाही, अरे मग पैसे कुठे घेतले, क्लास कुठे होता, शटर कुठलंय? चौथ्यांदा, "हे दिवाणी मॅटर आहे काकू, आणि ह्या वयात कशाला हे शौक". काकू! मी पोचपावती मागितली तर असं बघितलं जसं काही किडनी मागितली. एका सरकारी ऑफिसात म्हणाले, हा क्लास आमच्याकडे नोंदलेलाच नाही, मग आम्ही कारवाई कुणावर करणार. म्हणजे नोंदणी केली असती तर पकडला असता, केली नाही म्हणून सुटला, वा. फायनान्सवाले म्हणतात तुमचा आणि क्लासचा वाद वेगळा, कर्ज वेगळं. माझ्या बँकेत हप्ता थांबवायला गेले तर तिथला मुलगा सिबिल सिबिल करत बसला, जसं मला सिबिल माहीत नाही. एक महिना मुद्दाम खातं रिकामं ठेवलं, बाउन्सचे ५९० गेले आणि वसुलीचा फोन आला, तोही ऑफिसात. जी दिवसभर दुसऱ्यांना वसुलीचे फोन करते तिला! समोरचा शिपाई ऐकत होता.

राहिलेले हप्ते धरून एकूण ६१,९६०. हप्ते ५ गेले, ७ बाकी.

डेमोचा तास बसल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि महिन्याचे महिन्याला द्या, घेत नसेल तर उठा. दुसऱ्याच्या टॅबवर सेल्फी आणि ओटीपी कधीच नाही. जुन्या बॅचचे तीन नंबर मागा, रिव्ह्यू नकोत, नंबर. आपल्या नकळत खात्यातून पैसे गेले असतील तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, माझ्यासारखं स्वतः हो म्हणून बसला असाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. फायनान्स कंपनीला तक्रार लेखी द्या, ३० दिवस उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन फुकट करता येते, मी केलीय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत २ वर्षं, हे मला कोणत्याही साहेबाने सांगितलं नाही, आमच्या शेजारच्या वकीलवहिनींनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं.

आणि शिकायचं असेलच तर, सध्या मी एका लग्नाच्या फोटोग्राफरबरोबर रविवारी लाइट धरायला जाते. पैसे तो देत नाही, मीही देत नाही.

आमच्या बॅचला १४ जण होते. त्यातले कोणी हे वाचत असाल तर त्या ३,५०० चा यूपीआयचा स्क्रीनशॉट डिलीट करू नका, आयोगात एकत्र अर्ज करायचाय, सहा जण तयार आहेत, बाकीच्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत.