एव्हो ८ चं ४जी६३ इंजिन नव्याने बांधलं: काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

मित्सुबिशी लान्सर एव्होल्युशन ८ (एव्हो ८) चं ४जी६३ इंजिन बांधून घेतलं त्याला आता बरेच महिने झाले. रनिंग-इन (नव्या इंजिनाला रुळवण्याचा काळ) संपलं, कडक उन्हाळा गेला, थंडीतले सकाळचे सेल मारून झाले, ट्रॅकवरही गाडी पळवली. आता मत द्यायला हरकत नाही. आधी निकाल सांगतो: गाडी तब्येतीने धावते, आणि त्याचं श्रेय भारी पिस्टनपेक्षा मोजमापाला आणि तेलाच्या वाटेला जास्त आहे.

इंजिन उघडायचंच का, हा पहिला प्रश्न होता. गाडी तेल खात होती. गिअरमध्ये उतार उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की निळसर धूर सुटायचा. एवढ्यावर बहुतेक जण 'रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या' म्हणून मोकळे होतात. पण असा धूर व्हॉल्व्हच्या सीलमधूनही येतो आणि टर्बोच्या सीलमधूनही. म्हणून आधी कॉम्प्रेशन टेस्ट आणि मग लीकडाउन. कॉम्प्रेशन टेस्टमधून कुठला सिलिंडर कमजोर आहे ते कळतं, पण हवा कुठून पळते ते लीकडाउनमध्येच कळतं. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली तर इनलेट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. माझ्या तिसऱ्या सिलिंडरची हवा सरळ तेल ओतायच्या तोंडातून येत होती, वर हात धरला तर तळव्याला लागायची. म्हणजे रिंगा किंवा बोअर (पिस्टन सरकतो ती सिलिंडरची पोकळी). शंका तिथेच मिटली.

मग ठरवायचं होतं की बांधायचं कशासाठी. ४जी६३ चा ब्लॉक बिडाचा, बोअर ८५ मिमी, स्ट्रोक ८८ मिमी, १९९७ सीसी. १९८७ च्या गॅलंट व्हीआर-४ मध्ये हे इंजिन टर्बोसकट आलं आणि एव्हो ९ पर्यंत टिकलं. टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार जागतिक रॅली विजेतेपदं याच इंजिनाच्या जोरावर मिळवली. पाया इतका भक्कम असल्यामुळे 'उघडलंच आहे तर ताकदही वाढवू' हा मोह प्रत्येकाला होतो. मी ताकद मूळचीच ठेवली. ताकद वाढवली की इंजेक्टर, पंप, क्लच, गिअरबॉक्स, कूलिंग असं सगळंच ओढलं जातं आणि जुन्या गाडीत प्रत्येक दुवा आधीच थकलेला असतो. कॉम्प्रेशन रेशो कंपनीचाच, ८.८ ठेवला, त्यामुळे ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) मूळ मॅपही तसाच वापरता आला.

पिस्टन फोर्ज्ड (दाबून घडवलेले) घेतले, पण ४०३२ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे. यात सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे ते गरम झाल्यावर कमी फुगतात आणि बोअरमध्ये कमी मोकळीक देऊन बसवता येतात. २६१८ धातू जास्त मार सोसतो, पण त्याला जास्त मोकळीक लागते आणि थंड इंजिनात पिस्टन खडखडतात. रोज रस्त्यावर आणि अधूनमधून ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला माझ्या मते ४०३२ च योग्य. थंडीत सेल मारल्यावर अगदी थोडा आवाज येतो, तापमानाची सुई वर सरकली की तोही जातो.

पिस्टनची ऑर्डर मात्र ब्लॉक मोजल्यावरच दिली. बोअर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक उंचीवर आडवा-उभा असा मोजला. झीज वरच्या भागात जास्त आणि बोअर लंबगोल झालेला निघाला, म्हणून ८५.५ मिमीचे ओव्हरसाइझ पिस्टन. होनिंग (बोअर आतून घासून नेमका करणं) टॉर्क प्लेट, म्हणजे हेडऐवजी बोल्टने आवळायची जाड प्लेट, लावूनच करायचं, याबाबत मी हटून बसलो. हेडचे बोल्ट ताणले की बोअरचा आकार किंचित बदलतो. प्लेटशिवाय होन केलेला गोल बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. पहिल्या ठिकाणी 'काही गरज नसते' असं उत्तर मिळालं, तेव्हा ब्लॉक उचलून दुसरीकडे नेला. रिंगांची गॅप सिलिंडरमध्ये रिंग घालून, घासून जुळवली. टर्बोला ही गॅप जास्तच ठेवावी लागते, नाहीतर तापलेल्या रिंगेची टोकं एकमेकांवर आदळतात आणि पिस्टनचा काठ फुटतो.

बॅलन्स शाफ्टबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत. अनेक जण ते काढून टाकतात, कारण त्यांचा छोटा बेल्ट तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला तर व्हॉल्व्ह वाकतात. भीती खरी आहे. पण चार सिलिंडरच्या या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाची थरथर असतेच, ती मारायला हे शाफ्ट दुप्पट वेगाने उलटसुलट फिरतात. मित्सुबिशीची ही रचना पोर्शेनेही ९४४ साठी लायसन्स घेऊन वापरली. मी शाफ्ट ठेवले, दोन्ही बेल्ट नवे घातले. फक्त एक गोष्ट मेकॅनिकशेजारी उभं राहून बघितली: ऑइल पंपाच्या पुलीची खूण जुळली तरी आतला शाफ्ट उलटा बसलेला असू शकतो. ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढून ८ मिमीचा स्क्रूड्रायव्हर आत सरकवायचा. तो ६० मिमी किंवा त्याहून जास्त आत गेला तर बरोबर. २०-२५ मिमीवर अडला तर पुली आणखी एक फेरा फिरवायची. हे चुकलं तर इंजिन चालतं, पण थरथर कमी होण्याऐवजी वाढते. आज ट्रॅफिकमध्ये उभी असताना स्टिअरिंग शांत असतं, त्याचं समाधान वाटतं.

खरा फरक पडला तो तेलाच्या बाबतीत. जुन्या बेअरिंगची झीज ऑइल कूलरच्या बारीक नळ्यांत साचून राहते आणि वरवर धुऊन निघत नाही, म्हणून कूलर नवाच घेतला. टर्बोची फीड लाइन बदलली. क्रँककेसमधली वाफ इनटेककडे सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही बदलला. हा स्वस्तातला भाग अडकला तर बूस्ट क्रँककेसमध्ये घुसतो आणि तेल मिळेल त्या सीलमधून बाहेर येतं. शिवाय इनटेकमध्ये गेलेलं तेल पेट्रोलची नॉक (अवेळी भडकून होणारा ठोका) सोसायची ताकद कमी करतं. आता इंटरकूलरचे पाइप उघडले तर आत फक्त ओलसर हात लागतो, पूर्वी तेल ओघळायचं.

रनिंग-इनमध्ये गाडी गोंजारली नाही. तासन्‌तास आयडलवर ठेवणं रिंगांना वाईट. वेग कमीजास्त करत, मध्यम लोड देत, मध्येच ॲक्सिलरेटर सोडत चालवली. पहिलं तेल लवकर बदललं आणि फिल्टर कापून घड्या उलगडून पाहिला. थोडा राखाडी लगदा होता, बेअरिंग झिजल्याची खूण असलेली तांबूस चकाकी कुठे नव्हती. त्यानंतरचे फिल्टर स्वच्छ निघाले. दोन तेलबदलांमध्ये आता वरून तेल घालावं लागत नाही.

तक्रारीही आहेत. हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टर (व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबाने भरून काढणारे भाग) नवे घालूनही गाडी बरेच दिवस उभी राहिली की सुरुवातीला थोडी टिकटिक होतेच. नव्या इंजिन माउंटमुळे पहिल्या गिअरमध्ये केबिनला सूक्ष्म कंप जाणवतो. आणि वेळ फार जातो: सगळ्यात जास्त वाट पाहावी लागली ती बोअरिंगच्या कामाची आणि हेडच्या पृष्ठभागाची. बहुपदरी हेड गॅस्केटला तो अगदी गुळगुळीत लागतो, तिथे घाई करून चालत नाही.

ज्यांच्या मनात हे काम आहे त्यांनी इंजिन बाहेर असतानाच क्लच, क्रँकचं मागचं सील, पाण्याचे होज आणि वॉटर पंप उरकून घ्यावेत. टर्बोच्या शाफ्टचा खेळही तेव्हाच तपासावा. माझ्या गाडीत आता राहिलाय तो एवायसीचा (वळणावर मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेचा) पंप. तो मागच्या चाकाजवळ बसतो, चाकाचं पाणी उडून गंजतो. पुढच्या पावसाआधी तो उतरवून बघायचा आहे.