वाटणीत आलेला माळ: डाळिंब, हुरडा की नुसतं गवत?

नान्नज दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. सोनाका द्राक्षाचं वाण याच गावातलं, आणि माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली जाहीर झालेलं अभयारण्यही इथलंच. सोलापूरहून बार्शी रस्त्याने निघालं की एका अंगाला द्राक्षाचे मांडव आणि दुसऱ्या अंगाला गुडघाभर गवत दिसतं. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या आणि वाटणीत आठ-दहा एकर रान आलेल्या माणसापुढचा पेच नेमका हाच असतो. त्या रानाचं करायचं काय? आमच्या भावकीत गेल्या काही वर्षांत डाळिंब, ज्वारी-हुरडा आणि राखलेला माळ असे तिन्ही प्रकार होऊन गेले, म्हणून लिहितो.

आधी कुदळ घ्या आणि चार ठिकाणी खड्डा मारा. वीतभर मातीखाली मुरूम लागला तर एक हिशेब, हातभर काळी निघाली तर दुसरा. सोलापूरचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. त्यामुळे काळी माती ओल धरते की नाही, यावर अर्धा निर्णय तिथेच होतो. ऊस मी या तुलनेत धरतच नाही. उजनीचा कालवा बांधाला लागून असेल तर तुम्ही हे वाचणारही नाही.

मुरमाड रानाला डाळिंब मानवतं, हे खरंच आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात केगावला आहे आणि सोलापूर डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. साडेचार बाय तीन मीटरवर लावलं तर एकरात तीनशेच्या आसपास झाडं बसतात. ठिबक हवं, शेततळं हवं, त्यात अस्तराचा कागद हवा, आणि बाग धरायला दोन-अडीच वर्षं थांबायची तयारी हवी. इथवर सगळे सांगतात. पुढचं कमी लोक सांगतात. मृग बहार, म्हणजे जून-जुलैची फुलं, धरला तर पावसाळी हवेत तेल्या (पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा रोग) येतो. हस्त बहारात (सप्टेंबर-ऑक्टोबर) तेल्याचा त्रास कमी, पण त्यासाठी झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस येऊन ताण मोडतो. आंबे बहाराला (जानेवारी-फेब्रुवारी) ऐन उन्हाळ्यात पाणी पुरवावं लागतं, आणि बोअर नेमके तेव्हाच आटतात. सांगोल्याकडे तेल्या, मर रोग आणि खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा यांच्यापायी चांगल्या चालत्या बागा मुळासकट उपटाव्या लागल्या. पैसा मिळाला तर तिन्ही पर्यायांत सगळ्यात जास्त डाळिंबातच मिळतो, यात वाद नाही. पण डाळिंब हे शनिवार-रविवारचं पीक नव्हे. पानावरचा पहिला डाग ज्याला दिसतो तो माणूस रानातच राहणारा लागतो. गडी आहे, तो बघेल, असं म्हणणाऱ्याने ही बाग लावू नये.

काळी माती असेल तर ज्वारी आहेच. मंगळवेढ्याची मालदांडी सगळ्यांना माहीत आहे, तिलाही २०१६ सालीच मानांकन मिळालं. धान्य आणि कडबा धरून जिरायतीत ती तोट्यात सहसा नेत नाही. त्यावर हुरड्याचं पर्यटन चढवायचं, ही सध्याची हौस. त्यासाठी वेगळं वाण पेरा, राहुरीचं फुले मधुर चालतं. आणि पेरणी एकदम न करता आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्यांत करा, म्हणजे कणसं एकदम निबर होणार नाहीत. तरी हंगाम डिसेंबर-जानेवारीचा, दीड-दोन महिन्यांचा, त्यातही खरी गर्दी रविवारची. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीपार असताना पत्र्याच्या खोलीत कोणी राहायला येत नाही. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरचे भाविक रस्त्यावरून जातात, पण त्यांना दर्शन घेऊन घर गाठायचं असतं. त्या गर्दीवर हिशेब मांडू नका. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. किमान एक एकर शेती असेल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, आणि ती करावी. पाहुणे आधी संडास बघतात, मग हुरडा भाजायची आगटी. आणि एक घरगुती गोष्ट. जाहिरातीत बैलगाडी दिसते, शेंगाची चटणी दिसते. चाळीस माणसांची भांडी कोण घासतं ते दिसत नाही. घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय फलक लावू नका. आमच्या एका चुलतभावाचं केंद्र दुसऱ्याच संक्रांतीला बंद पडलं ते यामुळेच, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नव्हे.

तिसरा पर्याय, माळ माळच ठेवायचा. सात-बाऱ्यावर ज्याला पोटखराब म्हणतात त्यात पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं असतात, आणि त्यांच्या जिवावर काळवीट, लांडगा, खोकड, धाविक पक्षी जगतात. राखणं म्हणजे फार काही नाही. पावसाळ्यात चराई बंद ठेवायची, कुसळं टोचायला लागायच्या आत गवत कापून पेंढ्या बांधायच्या, वेडी बाभूळ दिसेल तिथे मुळापासून काढायची, उन्हाळ्याआधी कडेने जाळरेषा घ्यायची, म्हणजे वणवा आत येऊ नये म्हणून गवताचा पट्टा जाळून मोकळा करायचा. कापणीनंतर धनगरांची मेंढरं येऊ द्या. शेजारच्या काळ्या तुकड्यात ती बसवली तर खताचा खर्चही वाचतो. हौसेने झाडं मात्र लावू नका. गिरिपुष्प लावून माळ हिरवा करायच्या नादात इथे बरंच गवत गेलं आहे, आणि सावलीत वाढणारं हे गवतच नव्हे. पुणे वनविभागाने इंदापूरकडे कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, म्हणजे माळ बघायला पैसे देणारे लोक आहेत. फक्त माळढोक दाखवतो असं कोणाला सांगू नका. तो आता आमच्यासारख्या इथल्यांनाही दिसत नाही.

उत्पन्न यात कमीच. पण खर्च जवळपास नाही, आणि मालक पुण्यात असला तरी गवत उगवतं. शिवाय माळाची बाग कधीही करता येते. जेसीबीने सपाट करून, चर काढून, बाग लावून ती उपटल्यावर मात्र पुन्हा माळ होत नाही, तिथे काँग्रेस गवत माजतं.

म्हणून माझा कौल असा. काळी असेल तेवढ्यात ज्वारी. डाळिंब रानात राहणारं माणूस असेल तरच, आणि पहिल्या खेपेला एकरभरच. उरलेला मुरूम तीन वर्षं नुसता राखून बघा.

कशालाही हात घालायच्या आधी तलाठ्याकडे जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का ते बघा, आणि गट नंबर घेऊन वनखात्यात जा. माळढोक अभयारण्य मुळात ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, पुढे हद्द कमी करून १,२२२ च्या आसपास आणली. तुमचा गट आत राहिला की बाहेर पडला, हे गावात विचाराल तर चार जण चार उत्तरं देतील.