१५०-६०० झूम लेन्स: अकरा महिने, ७०८ रुपये आणि बुलेटची ट्यूब

लेन्स गेल्या फेब्रुवारीत घेतली, म्हणजे वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय. ती संपायच्या आत लिहून टाकतो, नंतर राग थंड होतो. स्पेसिफिकेशन तुम्हाला पाठ असणार: दोन किलोच्या आसपास वजन, ६०० मिमीच्या झूमला एफ ६.३ (प्रकाश आत घेणारं छिद्र जास्तीत जास्त एवढंच उघडतं), पुढे ९५ मिमीचा फिल्टर. माझी कॅमेऱ्याची बॉडी क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची, त्यामुळे पक्षी ६०० ऐवजी ९०० च्या लेन्सइतका जवळ दिसतो. घेतली ती फक्त उडत्या शिकारी पक्ष्यांसाठी. फांदीवर बसलेल्या खंड्यासाठी ८४ हजार घालवणारा माणूस मी नव्हे.

तक्रार एकच आहे. लेन्स घसरते.

नवीन होती तेव्हा घसरत नव्हती, पावसाळ्यानंतर सुरू झालं. पट्टा खांद्याला लावून चालायला लागलं की पुढचं नळकांडं स्वतःच्या वजनानं बाहेर येतं आणि १५० वर ठेवलेली लेन्स ६०० होऊन मांडीवर आपटत राहते. झूम १५० वर अडकवून ठेवणारं लॉक आहे ना, असं लगेच कोणीतरी म्हणेल. आहे. पण पक्षी दिसल्यावर आधी लॉक काढा, मग लेन्स उचला, मग पक्षी शोधा, एवढ्यात तो पलीकडच्या तालुक्यात पोचलेला असतो. दुसरी गंमत याच्या उलट. घार डोक्यावर आली, लेन्स वर केली, की तेच नळकांडं हळूहळू आत जायला लागतं. झूमची रिंग डाव्या हातात घट्ट धरून ठेवली नाही तर चौकटीत मोठी दिसणारी घार बघता बघता चिमणीएवढी होते.

एवढ्याशा गोष्टीचा बाऊ का करतोय, तेही सांगतो. उडता पक्षी ६०० वर थेट सापडत नाही. दोनशे-तीनशेवर शोधायचा, फोकस पकडायचा आणि तो पकडलेला ठेवून झूम वाढवत जायचं. मीही हे पर्वतीच्या १०३ पायऱ्या आठवडाभर रोज चढून घारींवर शिकलो. लेन्स आपल्या मर्जीनं ६०० ला गेलेली असेल तर डोळ्याला फक्त निळं आकाश दिसतं.

ऑक्टोबरात सिंहगडावर तेच झालं. कल्याण दरवाजाच्या बाजूला वारा कड्यावर आपटून वर चढतो, त्यावर पक्षी पंख न हलवता तरंगतात, कधी कधी आपल्या पायांच्याही खाली. म्हणजे एरवी फक्त पोट दाखवणाऱ्या पक्ष्याची पाठ मिळते. साडेनवाला मोरघार आली. पुस्तकातला बोनेलीचा गरुड तो हाच. कड्याला लागून, पंख अर्धे मिटून, सरळ माझ्या उजवीकडे. कॅमेरा डोळ्याला लावला आणि निळं. खाली केला, काळा कातळ. परत निळं. मान वर काढली तोवर ती दरीत उतरून गेली होती. शेजारी एका हातात ताकाचा ग्लास धरलेल्या कॉलेजच्या पोरानं मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला होता. मला दाखवला पण. चांगला होता.

नोव्हेंबरात सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या मुलानं लेन्स उलटी धरली, नळकांडं सर्रकन बाहेर आलं. म्हणाला, "सर, एवढ्या जड लेन्सला हे नॉर्मल आहे."

"नवीन होती तेव्हा नव्हतं होत."

"तेव्हा घट्ट होती ना, सर."

यावर काय बोलणार? तपासणीचे ६०० अधिक जीएसटी, ७०८ रुपये भरून घेतले. वॉरंटीतल्या वस्तूच्या तपासणीला पैसे कसले, असं विचारलं तर म्हणे दोष निघाला तर परत मिळतील. नऊ दिवसांनी 'दोष आढळला नाही' असा कागद जोडून लेन्स हातात दिली. घरी येऊन मी धुसफुसत बसलो तर बायको म्हणाली, "अहो, पैसे खर्चून तुम्हाला 'नॉर्मल' असं लेखी मिळालंय, फ्रेम करा."

आता एक कबुली. पहिले दोन महिने मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत होतो की या लेन्सचा ऑटोफोकस भिकार आहे. ते शब्द मागे घेतो. पुण्याजवळ नदीकाठच्या कवडीला भल्या पहाटे जाऊन काढलेल्या घारींचे फोटो सगळे पिठूळ यायचे, पिसांची रेघ म्हणून दिसायची नाही. ९५ च्या चांगल्या यूव्ही फिल्टरची किंमत ऐकून मी ९५० रुपयांचा घेतला होता. एक दिवस त्यावर नदीचा चिखल उडाला म्हणून काढून ठेवला आणि त्याच दिवशी पिसं दिसायला लागली. ८४ हजारांच्या काचेपुढे ९५० ची काच बसवणारा मीच. तेव्हापासून पुढे फक्त हूड, म्हणजे ऊन अडवणारी नळी. हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझरही बंद ठेवतो. उडत्या पक्ष्याला १/२५०० सेकंदाच्या शटरच्या खाली उतरतच नाही, तिथे त्याचा उपयोग कमी आणि चौकट सोडताना हिसका जास्त. पांढऱ्या आकाशावर घार काढताना एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे प्रकाश दुप्पट, नाहीतर घारीचा कोळसा होतो.

दुसरं जे लेन्सच्या माथी मारत होतो ते उन्हाचं निघालं. शिकारी पक्षी उठतात जमीन तापून गरम हवा वर जायला लागली की, म्हणजे साधारण दहानंतर. आणि तीच गरम हवा फोटो लिबलिबीत करते. सासवडकडच्या माळावर अकरा वाजता गवतालगत उडणारा हॅरियर हा शिकारी पक्षी काढायला गेलात तर दहा लाखांची लेन्सही हात टेकेल. तोच पक्षी वर आकाशात गेला की फोटो बरा येतो, कारण जमिनीलगतच्या थरातून बघावं लागत नाही. त्याच माळावर सकाळी आठला कापशी घार मिळाली. एका जागी खुंटीला टांगल्यासारखी, शेपटी खाली वळवून, पाय थोडे सोडून, डोकं इतकं स्थिर की लाल डोळ्यावर फोकस बसला तो हललाच नाही. हे श्रेय लेन्सचं, देऊन टाकतो.

घसरण्यावर इलाज शेवटी पंक्चरवाल्याकडे मिळाला. झूमची रिंग आणि तिच्या मागचा न फिरणारा भाग, दोन्हींवर निम्मं निम्मं बसेल असं रबर हवं होतं. सायकलची ट्यूब चढेचना. "दादा, हल्ली सगळं ट्यूबलेस, ट्यूब राहिलीय कुठं?" असं पुटपुटत त्यानं कोपऱ्यातून बुलेटची फाटकी ट्यूब काढली, दोन बोटं रुंद वळं कापलं, फडक्यानं आतली पांढरी पावडर पुसली आणि पाणी लावून चढवलं. दहा रुपये. झूम आता थोडं जड फिरतं, हाताला काळं लागतं, पण लेन्स ठेवू तिथे राहते.

डिसेंबरात भिगवणला त्याची परीक्षा झाली. उजनीच्या पाण्यात खांबावर ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, बसला होता. नाववाला म्हणाला, "साहेब, आता शिटंल, तयार राहा." पक्षी शिटला आणि पुढच्या क्षणाला उडाला, वाऱ्याकडे तोंड करून, म्हणजे आमच्याकडेच. लेन्स २५० वर होती आणि २५० वरच राहिली होती. तिथून ५०० पर्यंत नेत नेत एकवीस फ्रेम, त्यातल्या चौदा कडक.

मग लेन्स घ्यावी का? या पैशात उडते शिकारी काढायचे असतील तर घ्या. फक्त दुकानात प्रत्येक नग उलटा धरून हलवून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. माझं रबर गेल्या आठवड्यात कडेला चिरलं. पंक्चरवाल्यानं दुसरं कापून दिलं, पैसे घेतले नाहीत. ते ७०८ मात्र मी सोडणार नाही. पावती बॅगेतच आहे, सोमवारी पुन्हा जातोय.