जुना चेनसॉ चालू करताना: मूळ कार्बुरेटरला किट बसवावे की नवा कार्बुरेटर घ्यावा?

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पश्चात पडवीत पडून राहिलेला चेनसॉ पुन्हा चालू करायचा म्हटले, की ठिणगी, कॉम्प्रेशन आणि पेट्रोलची नळी तपासून झाल्यावर काम बहुधा कार्बुरेटरपाशी अडते. तेथे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे मूळ कार्बुरेटर उघडून त्यात डायफ्राम (पातळ लवचिक पडदे) आणि गॅस्केटचे किट बसवणे. दुसरी म्हणजे ऑनलाइन मिळणारा, मूळ कंपनीचा नसलेला नवा कार्बुरेटर मागवणे. काकांकडून आलेल्या एकाच यंत्रावर मी दोन्ही करून पाहिले आहे, त्यामुळे पुढचे मत तेवढ्यापुरतेच समजावे.

नव्या कार्बुरेटरची बाजू सोपी आहे. जुना उतरवायचा, नवा बसवायचा, चोक आणि ॲक्सिलरेटरचे दांडे जोडायचे. साफसफाईची कटकट नाही, आणि माझे यंत्र त्यावर लगेच चालूही झाले. जांबोटीकडच्या रानात पावसात आडवे पडलेले फणसाचे खोड कापायला घेतले, तेव्हा मात्र त्याचा खोडकरपणा लक्षात आला. इंजिन तापले की आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावरची संथ गती, एका जागी ठरत नसे. स्क्रू फिरवून आयडल कमी करावे, तर यंत्र कुशीवर घेताच बंद पडे आणि तापलेल्या इंजिनाची दोरी पुन्हा ओढत बसावे लागे. वाढवावे, तर क्लचचे शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला लागत आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असतानाही चेन हळूहळू सरकत राही. निसरड्या लाल मातीच्या उतारावर एका फांदीकडून दुसरीकडे जाताना हातातली चेन फिरते आहे, ही गोष्ट मला अजिबात मानवली नाही. क्रँकचे ऑईल सील हवा घेत असले तरी आयडल असाच भरकटतो, हे खरे. परंतु तेच इंजिन किट बसवलेल्या जुन्या कार्बुरेटरवर शांत चालू लागले, म्हणून माझा संशय नव्या मालावरच राहिला. इतरांना याहून चांगला नग मिळतही असेल.

किटचे काम वेळखाऊ आहे. बॉडीवर वॉल्ब्रो, टिलॉटसन किंवा झामा असे नाव आणि मॉडेल कोरलेले असते. त्यानुसारच किट मागवावे. बेळगावच्या दुकानांत हवे ते किट तयार मिळेलच असे नाही. आमचा मीटरिंग डायफ्राम, म्हणजे पेट्रोल मोजून आत सोडणारा पडदा, उघडला तेव्हा तो पापडासारखा कडक झाला होता. असा डायफ्राम लवत नाही, त्यामुळे पेट्रोलची वाट अडवणारी नीडल (सुई) उघडत नाही आणि पेट्रोल येत नाही. पंपाच्या झाकणाखालची बारीक जाळी जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजली होती. गॅस्केट आणि डायफ्राम यांचा क्रम बहुतेक मॉडेलांत दोन्ही बाजूंना उलटा असतो, म्हणून उघडतानाच फोटो काढून ठेवावा. कॉम्प्रेसरची हवा भसकन मारू नये, आतला चेक व्हॉल्व्ह निकामी होऊ शकतो. जोडून झाल्यावर एल (कमी वेगाचा) आणि एच (जास्त वेगाचा) हे मिश्रणाचे दोन्ही स्क्रू हलके बंद करून साधारण एक फेरा उघडावेत आणि तेथून पुढे कानाने जुळवावे. पूर्ण रेसला, चेन लाकडात नसताना, आवाज किंचित फुटका राहू द्यावा. स्वच्छ, किंचाळणारा आवाज ऐकायला बरा वाटतो, पण तेव्हा मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालेले असते आणि पिस्टन सीज होण्याची, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसण्याची, भीती असते.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या रबराला सोसत नाही. त्यामुळे कोणताही कार्बुरेटर बसवला तरी नळी बदलावी आणि हंगाम संपताच टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

थ्रॉटलचा शाफ्ट (हवेची झडप फिरवणारा दांडा) बॉडीत खुळखुळत असेल किंवा आत पांढरा गंज धरून धातू खाल्ला गेला असेल, तर किटवर पैसे घालण्यात अर्थ नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एखादा लेथवाला शाफ्टला बुश (घट्ट बसणारी नळी) करून देईलही, पण त्या खटाटोपापेक्षा नवा कार्बुरेटर घेणे शहाणपणाचे ठरावे. शाफ्ट घट्ट असेल तर मात्र, माझ्या मते, आधी किट मागवावे.